चौदा नंबरची अठरा युनिट

सोमवार, ८ जानेवारी १९९६, सकाळचे सात चाळीस. लखनऊच्या महानगर या वस्तीत, चौदा नंबरच्या घरी, जिन्याखाली टॉर्च धरून बबन वानखेडे मीटर वाचत होता. मीटरवर ४३१२. हातातल्या वहीत, गेल्या महिन्यापुढे त्याच्याच अक्षरात, ४४२०.

मीटर मागे जात नाही. गेलेला दिसला तर वीज खातं एकच अर्थ काढतं: ग्राहकाने फिरवला.

अकोल्याचा बबन एकोणीस वर्षं लखनऊत मीटर वाचत होता. दोन खोल्यांच्या घराला महिन्याला नव्वद युनिट लागतात, फ्रिज असला तर दीडशे, मे महिन्यात कूलर लागला की दोनशेच्या वर. कुणाकडे पाहुणे राहिले, कुणाचा मुलगा परीक्षेला बसला, हे त्याला आकड्यांवरून कळायचं. चौदा नंबरला एकशेदहा यायची. सप्टेंबरात निंबाळकर वारले. हवाई दलातून निवृत्त झालेला माणूस, दोन दिवसांत गेला. मागे सरलाताई एकट्या. ऑक्टोबरात अठरा युनिट.

तिसाच्या खाली गेलेलं घर संशयिताच्या यादीत जातं आणि तपासणी पथक तारा उचकायला येतं. महिन्याभरापूर्वी नवरा गेलेल्या बाईच्या दारात पथक नको, म्हणून बबनने साठ लिहिले. नोव्हेंबरात साठ, डिसेंबरात साठ. उन्हाळ्यात कूलर लागला की फरक आपोआप भरून निघतो; सगळे मीटर रीडर असंच करत. पण शुक्रवारी बदलीचा कागद आला. उद्यापासून त्याला निशातगंजचा भाग, इथे सुधीर हा नवा रीडर. बदलीत नवा माणूस पहिल्याच दिवशी सगळे मीटर पुन्हा वाचतो आणि ते आकडे जुन्या वहीशी ताडले जातात.

सरलाताईंनी दार उघडलं. बबनने उभ्यानेच सगळं सांगितलं. मग हीटर आहे का, विचारलं. होता, दोन किलोवॉटचा. तासाला दोन युनिट. वीज जाण्याचे तास वगळून उद्या सकाळपर्यंत फार तर चौतीस. हवी होती एकशेआठ.

त्यांनी तरी हीटर लावला. जिन्याखाली मीटरची चकती भरभर फिरू लागली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मीटर मीही वाचते, वानखेडे."

"मग बोलला का नाहीत, ताई? पैसे तर तुमचे जात होते."

"साठांचं बिल आलं की घर चालू आहे असं वाटायचं."

रात्री स्वयंपाकघरातला एक दिवा तेवढा लावते, टीव्ही कुणासाठी लावायचा, असं त्या सांगत राहिल्या. मग थांबल्या.

"आता चोरी माझ्या नावावर लिहिणार का?"

गेल्या वर्षी अमौसीकडच्या एका रीडरला एका खोट्या नोंदीसाठी घरी बसवलं होतं. बबनच्या तीन होत्या. त्याने वही जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि ४३१२ लिहिलं. खाली: 'पिछली तीन रीडिंग बिना पढ़े भरी गईं।' खाली सही.

सरलाताईंनी ती ओळ वाचली. चहा घेता का, असं विचारलं. तेवढ्यात वीज गेली. चकती थांबली. त्यांनी काड्यापेटी शोधायला घेतली आणि बबन पुढच्या घराकडे निघाला.

उद्या मंगळवारी महानगरात सकाळी सहा ते नऊ वीज नसते. सुधीर आठला चौदा नंबरपासून सुरुवात करेल. बबनला दहा वाजता वहीसकट साहेबांसमोर हजर व्हायचं आहे.