मासे नको, माणसं दाखवा

आई टीव्हीपासून दोन फुटांवर बसायची. स्टूल ओढायचं, मान पुढे काढायची आणि पडद्यात शिरायचं तेवढं बाकी ठेवायचं. आमचा टीव्ही एकवीस इंची, मागे पोट सुटलेला. तिची सावली त्याच्यावर पडली की मागे सोफ्यावर बसलेल्या आम्हा नवराबायकोला बातम्यांऐवजी आईचा अंबाडा दिसायचा.

वडील गेल्यावर अमरावतीच्या घराला कुलूप लावून मी तिला वारज्याला आणलं होतं. आयटीतली नोकरी, हप्त्यावरचा फ्लॅट, हॉलला सरकत्या काचेची बाल्कनी. बाल्कनीतून डोंगर दिसतो असं बिल्डरने सांगितलं होतं. दिसायची समोरच्या बिल्डिंगची बाल्कनी.

दोन फुटांवर बसणारी आई बघून मुलाने काय समजायचं? डोळे गेले, असंच ना? मीही तेच समजलो आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही वाचून दाखवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "यांचे डोळे उत्तम आहेत. आपले तपासायचेत का?" पुण्यात टोमणा फीमध्येच धरलेला असतो, वेगळा आकारत नाहीत.

डोळे ठीक तर मग बाई अशी का वागते? समोरून विचारलं की नेमकं उत्तर द्यायची, पाठमोरं विचारलं की घुम्यासारखी गप्प. रुसली असेल, असं आम्ही धरून चाललो. बायकोची अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट, ती दुपारी झोपायची. तेव्हा आई आवाज शून्यावर ठेवून टीव्ही बघायची. "किती समजूतदार आहेत," बायको म्हणायची, "नाहीतर तू." आणि माझ्यामागे आईचा एकच धोशा होता, मिशी काढ. वडिलांच्या वेळी काढली होती ती मी परत वाढवली होती, यावेळी चांगली ओठावर छप्पर घातल्यासारखी. प्रोजेक्ट लीड झालो होतो, तेवढा रुबाब नको?

मग एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "माह्यं तिकीट काढून दे. मले घरी जाचं आहे."

"घरी कोण आहे आता?"

"घर आहे ना."

दोन आठवड्यांनंतरच्या रविवारचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला लावलं तिने, समोर उभं राहून. रिकामं घर, तिचं ब्लडप्रेशर, न्हाणीघरातली ती निसरडी फरशी. रात्री काही झालं तर कडी कोण उघडणार? मला ती इथे हवी होती. पण तसं सरळ तोंडाने म्हणायचं तर आमच्या घराण्यात आजवर कुणी म्हटलेलं नाही. आम्ही माणसाला थांब म्हणत नाही, वस्तू आणतो.

म्हणून मी टीव्ही घ्यायचं ठरवलं. माझा हिशेब सरळ होता. आईला इथे करमत नाही, कारण टीव्ही लहान आहे. टीव्ही मोठा आला की आई थांबेल. असल्याच अकलेवर आम्ही परदेशातल्या बँका चालवतो, त्यांचं भलं होवो.

चपटे टीव्ही तेव्हा नुकतेच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात येऊ लागले होते. ऑफिसातला माझा मित्र या विषयातला स्वयंघोषित तज्ज्ञ. त्याने एक्सेल शीटच पाठवली. एलसीडी, प्लाझ्मा, प्रोजेक्टर, प्रत्येकाला बावीस निकषांवर गुण, शेवटी रंगीत बेरीज. त्याच्या घरी स्वतःचा टीव्ही नव्हता, कारण त्याचं अजून ठरत नव्हतं. त्याच्या मते भिंतभर चित्र कमी पैशात हवं तर प्रोजेक्टर, नाहीतर अमुक एक एलसीडी. प्लाझ्माच्या रकान्यात त्याने लाल रंगात लिहिलं होतं, मेलेलं तंत्रज्ञान, वीज खातं.

शनिवारी आईला स्कूटरवर मागे बसवून मी बुधवार पेठेत नेलं. बघू दे तिलाही मुलाचा दिमाख. पहिल्याच दुकानात गल्ल्यावर चष्म्यातून पेपर वाचणारे मालक होते.

"टीव्ही बघायचेत," मी म्हणालो.

"बघायचेत की घ्यायचेत?" पेपर खाली न करता प्रश्न आला.

"घ्यायचेत."

"मग वर जा."

वर एसी लावलेली काचेची खोली होती. सेल्समनने आधी प्रोजेक्टर लावला आणि दिवे मालवले. समोर भिंतभर चित्र आलं. मी तर हरखलोच. "बघ आई, घरात टॉकीज!" आई गप्प. "आवडलं का?" तरी गप्प. मग अंधारातून एकदम मोठ्याने, "दिवा काहून मालवला? लाव आधी!" दिवा लावला, तर चित्राचा रंग पार उडाला, शंभरदा धुतलेल्या लुगड्यासारखा. "याच्यात ना भिंतीवरचं दिसत, ना तू दिसत," आई म्हणाली. प्रोजेक्टर बाद. बावीसपैकी एकोणीस निकषांत तो पहिला होता.

मग एलसीडींची रांग. सगळ्यांवर मासे. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे समुद्राच्या तळाशी झुलतायत. टीव्हीच्या दुकानात मासेच का दाखवतात देव जाणे. टीव्ही घेतल्यावर माणूस घरी मासे बघत बसणार आहे काय?

"मावशी, कलर बघा कलर," सेल्समन म्हणाला.

"मासे कोनाशी बोलतेत का रे बाप्पा? माणसं दाखव."

त्याने बातम्या लावल्या. आई एकेका टीव्हीपुढे जाऊन उभी राहायची आणि निवेदिकेच्या तोंडाकडे टक लावून बघायची. पेरू घेताना दाबून बघतात तशी. "हिचं तोंड पसरते," पहिल्याला म्हणाली. "याच्यात लुकलुक करते," दुसऱ्याला. मित्राच्या यादीतला अव्वल टीव्ही तिने अर्ध्या मिनिटात उडवला. "पाटी पुसल्यावानी दिसते. बाईचं बोलून झालं, तोंड मागून येऊन राह्यलं." मी ओशाळून सेल्समनकडे बघितलं. तो मात्र चपापला होता. हळूच म्हणाला, "सर, हलतं चित्र यात थोडं फाटतं, खरं आहे. कस्टमरला सहसा कळत नाही."

कोपऱ्यात धूळ खात एक प्लाझ्मा उभा होता. मागच्या वर्षीचा, जाडजूड, कुणी न विचारलेला. आईने त्याच्यावर बातम्या लावायला सांगितल्या. बघत राहिली. चेहरा सैल झाला तिचा. "हा घे," म्हणाली. "याच्यात तोंड तोंडासारखं दिसते."

मेलेलं तंत्रज्ञान. मी कपाळावर हात मारला आणि शेवटचा भाव विचारला. सेल्समन काचेबाहेर गेला. मालक जिन्यापर्यंत वर आले होते, दोघं तिथेच कुजबुजायला लागले. आत आम्हाला फक्त एसीची घरघर. आई त्यांच्याकडे बघत होती.

"तो बुढा म्हणते का," ती म्हणाली, "हे लोक काही घेत नाहीत, एसीत बसायला आले."

मी हसलो. मजा करतेय म्हातारी.

"आता म्हणते, तो डब्बा वर्षभरापासून पडून आहे, उद्या कोणी फुकट नेणार नाही. मागतलं तर तीन हजार सोड, नाही मागतलं तर गप ऱ्हाय."

सेल्समन आत आला, भाव सांगितला. आई म्हणाली, "तीन हजार सोड."

सेल्समनचं तोंड उघडंच राहिलं. त्याने वळून काचेबाहेर बघितलं. मालक स्वतः आत आले, पहिल्यांदाच पेपरशिवाय.

"आजी, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं. दिसलं."

हयात पेठेत काढलेल्या त्या माणसाने एकदा काचेकडे बघितलं, एकदा आईकडे. असं पकडलं गेलं की पुणेकर माणूस एकतर भांडतो नाहीतर झुकतो. हे झुकले. "चार सोडतो," म्हणाले, "पण परत आलात तर काचेकडे पाठ करून बसायचं."

बिल होईपर्यंत मी आईला बाकावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो. "आई, खरं सांग. हे काय आहे?"

तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज. सूतगिरणीत बावीस वर्षं काढलेली बाई ती. मशीन चालू झालं की स्वतःचा आवाज स्वतःला यायचा नाही, म्हणून तिथल्या सगळ्या बाया तोंडाकडे बघून बोलायच्या. या टोकाची त्या टोकाच्या बाईशी सासूच्या चहाड्या करायची, आवाज न काढता. मशीनने जाताजाता कान नेले. आता बोलण्याचा नुसता गलका येतो, शब्द येत नाही. "तुह्या बाबाले माहीत होतं. ते समोर बसून बोलत."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कवा?"

दुपारी दोनला आम्ही परत निघालो. हेल्मेटमधून मी मागे बघत न बघत बडबडत होतो: आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मशीन मिळतं, तू आधी बोलायचंस ना. मागून हूं नाही की चूं नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. अरे गाढवा, तू तिला पाठ दाखवून बोलतोयस!

आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आमचा सोफा टीव्हीकडे तोंड करून. जेवायचं टीव्हीकडे तोंड करून. आई बाजूला, आम्ही टीव्हीकडे बघत तिला विचारणार, भात हवा का. तिला आमचे गाल दिसणार, गालांवरून भात कळतो का? तिच्याशी समोरासमोर बोलणारं घरात एकच तोंड होतं, टीव्हीतल्या निवेदिकेचं. तेही एकवीस इंचांत कोंबलेलं.

त्यात ती काच आठवली. दुकानातली नव्हे, माझ्या घरातली.

तिने तिकीट मागितलं त्याच्या आदल्या दिवशी त्याच मित्राचा फोन आला होता. ऑफिसची टोळी गोव्याला निघाली होती. मी बाल्कनीत गेलो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून काच नीट ओढून घेतली, आतल्या दिव्याकडे तोंड केलं आणि म्हणालो, "आई आहे ना रे घरी. अडकलोय. ती गेली की ठरवू." आत आई दिवाणावर मेथी निवडत बसली होती. माझ्याकडेच बघत.

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले, एकाने माझ्या डोळ्यांची आणि अकलेची चौकशी केली. मी तिथेच. अशी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. आणि या बाईने त्यानंतर मला रोज सकाळी पोळीचा डबा करून दिला होता, त्याबद्दल एक शब्द न बोलता.

घरी आलो. संध्याकाळपर्यंत इकडून तिकडे फिरलो. बायको म्हणाली, "टीव्ही सोमवारी येणार आहे, तोवर तूच करमणूक करणार का?" शेवटी मी बाल्कनीत गेलो, काच ओढून घेतली आणि आतल्या दिव्याकडे तोंड केलं. आई दिवाणावरच होती. तिने वर बघितलं. मी आवाज न काढता म्हणालो, "चुकलो. जाऊ नकोस."

ती बघत राहिली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, काच सरकवली.

"मिशी काढ आधी. अर्धं गळून जाते."

"किती कळलं?"

"चुकलो, एवढं."

"आणि त्या दिवशीचं?"

"ते पुरं कळलं," ती म्हणाली आणि परत जाऊन बसली.

मी न्हाणीघरात गेलो आणि मिशी काढली. घाईत ओठ कापला. बाहेर आलो तर बायको दचकून उभीच राहिली. "अरे, कोण गेलं?"

"कुणी जात नाहीये," मी म्हणालो. तिच्याकडे तोंड करून म्हणालो, सवय लागावी म्हणून.

आईपुढे स्टूल ठेवलं, तेच, दोन फुटांवर. ती म्हणाली, "आता बोल." मी आवाज न काढता परत सांगितलं, राहिलेलं अर्धं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं. पदराने माझ्या ओठावरचं रक्त पुसलं आणि मग तीही काहीतरी म्हणाली, बिनआवाजी, चांगलं लांबलचक. ओठ हलले, डोळे हलले, मला ढिम्म कळलं नाही.

"काय? काय म्हणालीस?"

ती हसली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच असं मोकळं.

"शिकशील हळूहळू," ती म्हणाली. "मी आहो ना इथंच."