तिच्याच हातचा कोट

इर्मट्राउट वेसलिंग तशी नाटकातली शिंपीण. त्सेलेच्या नाटकघरात तिने उभा जन्म कपडे शिवण्यात घालवला. त्यात युद्धाच्या नाटकांसाठी राखी-हिरवे लष्करी कोट इतके शिवले, की अस्सल जुना कोट कसा असतो हे तिच्या हातात बसलं होतं. निवृत्तीनंतर हानोफरच्या एका लिलावघराने तिला हेच काम दिलं. लोक माळ्यावर सापडलेले गणवेश आणायचे आणि खरा कुठला, बनावट कुठला, ते ती सांगायची. त्यावरच्या स्वस्तिकासारख्या, कायद्याने बंदी असलेल्या नाझी चिन्हांवर लिलावघरवाले आधीच कागद चिकटवत. कपड्यांची तिला भीती नव्हती. ते आणणाऱ्या काही माणसांची मात्र वाटायची.

फोल्कमार ब्रांडेस त्यातला एक. विकायला काढलेला कोट तो घराबाहेर पाठवायला तयार नव्हता, म्हणून नोव्हेंबरातल्या एका दुपारी तीच त्याच्या घरी गेली. घर माळरानात, बर्चच्या झाडांपलीकडे, एकटं. त्याने तिला थेट तळघरात नेलं, मागून दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"ऊब टिकते," तो म्हणाला.

भिंतीला लागून बिनडोक्याचे पुतळे ओळीने उभे होते, सगळे पूर्ण गणवेशात. इथे कुठल्याच चिन्हावर कागद नव्हता. इर्मट्राउटने घाईघाईने चष्मा लावला आणि टेबलावरच्या कोटाकडे वळली.

"पूर्वेच्या आघाडीवरचा. अधिकाऱ्याचा," ब्रांडेस तिच्या खांद्याशी येऊन म्हणाला. "बाहीवर रक्त आहे, बघा. रविवारी गिऱ्हाईक येतंय. मला खरेपणाच्या दाखल्यावर तुमची सही हवी, बाकी काही नको."

बाह्यांच्या कडा सगळीकडे सारख्याच झिजल्या होत्या. अंगावर वापरलेला कपडा असा झिजत नाही, काचकागदाने घासलेला झिजतो. अस्तराला चहाचा वास होता. कोट जुना दिसावा म्हणून नाटकघरात तीही चहातच भिजवायची. तिने पिशवीतून अतिनील किरणांचा जांभळा दिवा काढला. युद्धानंतर निघालेला धागा त्या उजेडात निळापांढरा चमकतो. सगळी शिवण चमकली.

मग तिने बाही उलटी केली आणि तिचे हात थांबले. अस्तराचे टाके डावीकडून उजवीकडे गेले होते, डावखुऱ्या माणसाचे, आणि टोकाला दोन गाठी एकीवर एक. ती स्वतः डावखुरी, आणि अशा गाठीही तीच मारायची. पूर्वी यावरून कारागीर तिची थट्टा करायचे. नाटकघराने जुने कपडे विकून टाकले, त्यात हा गेला असणार. बिल्ले आणि रक्त नंतर कुणीतरी चढवलं होतं.

"काय झालं?" ब्रांडेसने विचारलं.

खोटं बोलावं, सही करावी आणि बाहेर पडावं, असं तिच्या मनात आलं. पण तोंडातून निघालं ते खरंच. "हा मी शिवलाय."

तो हसला. "वेसलिंगबाई, चांगला विनोद करता."

"नाटकासाठी शिवला होता. गाठ बघा. हवं तर दुसरी मारून दाखवते."

हसू गेलं. तो खुर्ची ओढून दारासमोर बसला. "तुमच्या आधी तपासायला आलेल्या माणसानेही असंच काहीतरी ठरवलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "मग त्याने फेरविचार केला. तुम्हीही करा. मला घाई नाही."

टेबलाची कड धरून ती उभी राहिली. दाखल्याचा कागद पुढ्यात होता, पेन त्याने स्वतः उघडून ठेवलं होतं. तिने ते उचललं नाही. धाडस नव्हतं ते. टेबलाची कड सोडवत नव्हती, एवढंच.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "फोल्कमार, दार उघड," बाईचा आवाज आला. "शेजाऱ्याचा ट्रॅक्टर अडलाय. त्या बाईंची गाडी वाटेत आहे, त्यांनाच काढायला सांग. तो वर उभाच आहे."

परका माणूस वर उभा आहे म्हटल्यावर ब्रांडेसने दार उघडलं. इर्मट्राउट पिशवी, दिवा, सगळं तिथेच टाकून जिना चढली; गाडीची किल्ली तेवढी खिशात होती. जिन्यात त्याची बायको हाइडे अंग चोरून उभी होती. वर कुणी नव्हतं. अंगणात ट्रॅक्टरही नव्हता.

तिने घरी पोचताच लिलावघराला सांगितलं आणि त्यांनी कोटाला दाखला द्यायचं नाकारलं. पोलिसांनी ऐकून घेतलं, धमकी नेमकी कुठल्या शब्दांत दिली ते विचारलं, आणि तिला सांगता येईना. पुढचे कितीतरी दिवस फोन वाजायचा आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. समोरच्या फुटपाथशी एक करडी गाडी थांबायची. तिने पडदे लावून ठेवले आणि पावासाठी बाहेर जाणंही बहिणीवर सोपवलं.

एका सकाळी घंटी वाजली. दाराच्या भोकातून तिने पाहिलं, तर हाइडे ब्रांडेस. हातात तिचीच विसरलेली पिशवी. साखळी न काढता इर्मट्राउटने दार फटीएवढं उघडलं.

"तो सोबत आहे?"

"नाही. त्याला माहीतच नाही मी आलेय ते," हाइडे म्हणाली. "तुमचा दिवा आणलाय. पत्ता पिशवीतच होता."

"त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात."

"हो. मग त्याला कळलं." तिने बाही वर केली नाही, नुसती घट्ट खाली ओढली.

इर्मट्राउटने साखळी काढली. हाइडे आत आली, कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली आणि कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरून खिडकीकडे बघत राहिली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला की दोघीही बोलायच्या थांबत.

"परत जाणार आहात?" इर्मट्राउटने विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"मग ठरेपर्यंत इथेच बसा," इर्मट्राउट म्हणाली, आणि उठून दाराला आतून पुन्हा साखळी लावली.