फुकटची पुस्तकं आणि अण्णांचा नियम

आमच्या अण्णांना फुकटची वस्तू पचत नसे. फौजेतून सुभेदार होऊन परत आले, कुंडलच्या पलीकडच्या आमच्या गावात ऊस लावला, आणि पुढची वीसेक वर्षं गावच्या वाचनालयाची किल्ली करगोट्याला बांधून फिरले. पगार नाही, मानधन नाही. दोन कपाटं, एक बाकडं, एक वही. पंधरा दिवसांत पुस्तक आलं नाही की अण्णा सायकल काढून त्या माणसाच्या रानात जाऊन उभे राहायचे. तो उसाला पाणी देत असला तरी, "आदी पुस्तक, मग पानी," म्हणायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की फौजेत सकाळी घेतलेली रायफल संध्याकाळी जमा करावीच लागते, तसंच पुस्तकाचं. "तू घिऊन बसलास, आनि मागचा ताटकाळतोय त्येचं काय रं?"

मागचा असा कुणी नसायचाच. शेवटी शेवटी वाचणारे चौघं उरले होते आणि त्यांतले एक अण्णा. मग पत्रा गळायला लागला, कपाटांना वाळवी लागली, आणि धड राहिलेली पुस्तकं तालुक्याला देऊन टाकली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, असं आईने फोनवर सांगितलं. मी साताऱ्याला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. खिडकीवर पोरांची रांग होती. मी म्हटलं, "जेवतील उद्या." माझा स्वभावच तसा, काम हातात असलं की माणूस नंतर.

पुढच्या खेपेला मात्र टॅब्लेट घेऊन गेले, तो खरं तर आईसाठी. आई दुसरीत असताना शाळेतून काढलेली, शिकलेली अक्षरंही विसरलेली. दुपारची जेवणं झाली की अण्णा वाचणार आणि ती तांदूळ निवडत, शेंगा फोडत ऐकणार, असा त्यांचा संसार. भांडण झालं असलं तरी वाचन चुकत नसे, फक्त त्या दिवशी अण्णा जरा मोठ्याने वाचत. पुस्तकं गेल्यावर दोघं दुपारी नुसती बसून राहायला लागली होती, आणि ते मला बघवेना.

फुकट पुस्तकं शोधायची म्हणून मी इंटरनेट उघडलं आणि आठवडाभर नुसती फसत होते. पुस्तकाचं बटण दाबावं तर 'अभिनंदन, तुम्ही मोबाइल जिंकलात' असं यायचं. ते बंद करावं तर गुडघेदुखीचं तेल. सगळं ओलांडून एकदाची एक नवी कादंबरी उतरवली आणि अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "लिवनाऱ्याला म्हाईत हाय का?"

"कशाला माहीत पाहिजे? फुकट आहे."

"फुकट येगळं आनि चोरीचं येगळं, पोरी. काढ ते."

काढलं. मग हक्क संपलेली जुनी पुस्तकं शोधायला शिकले. कुठल्या कुठल्या ग्रंथालयांनी पानन् पानाची छायाचित्रं काढून ठेवलेली असतात. पानं तिरकी, कडेला कुणाचा तरी अंगठा आलेला, मध्येच शिक्का. अण्णांना ती फार आवडली. अक्षर दोन बोटांनी मोठं करता येतं हे कळल्यावर तर ते लहान पोरासारखे खूश झाले. प्रत्येक पुस्तकाचा शिक्का ते आईला आधी वाचून दाखवत, म्हणजे कुठल्या गावचं पुस्तक आपल्या घरी आलंय ते तिला कळावं.

त्यातल्या एका संकेतस्थळावर वेगळीच तऱ्हा होती. तिथे पुस्तक खरोखरच उसनं मिळायचं, मुदतीपुरतं. मी एक मागितलं तर उत्तर आलं, की हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे, नंबर लावा. अण्णांचा चेहरा काय उजळला! "बघ, हितंबी नंबर हाय." तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की टॅब्लेटमधलं प्रत्येक पुस्तक उसनं आहे, आणि ते आपल्याकडे असेपर्यंत दुसरा कुणीतरी ताटकळत बसलाय. वाचून झालं की ते कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबायचे आणि हात झटकायचे. "गेलं परत," म्हणायचे. डोळ्यांतून पाणी येत असलं तरी मुदत गाठायला दोन-दोन तास वाचायचे.

मी एकदा सांगायला गेले होते, की अण्णा, बाकीची पुस्तकं आपल्याकडे राहिली तरी कुणाचं काही अडत नाही. "असं तुला वाटतंय," म्हणाले. मीही जास्त ताणलं नाही. खरं सांगायचं तर, ती चूक दुरुस्त करण्यापेक्षा ती सांगत फिरण्यात मला मजा येत होती. ऑफिसात चहाच्या वेळी मी अण्णांची नक्कल करून दाखवायचे, डबा दाबून हात झटकायचे. सगळे पोट धरून हसायचे, आणि सगळ्यांत जास्त मी.

मग त्यांना दम लागायला लागला. मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून फुप्फुसांचं सांगितलं. आत आले तर अण्णा शर्टाची बटणं लावत होते. म्हणाले, "किती दिस, ते नगं सांगू. त्या टॅबलेटात आवाज ठेवता येतो का, ते सांग."

मी रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं. त्यांनी एक जाडजूड जुनी कादंबरी निवडली आणि रोज दुपारी खाटेवर बसून, थांबत थांबत, ती आवाजात भरली. तेवीस भाग झाले. आई शेजारीच असायची. तिला त्यांनीच हेही शिकवलं, की त्रिकोण दाबला की ऐकू येतं आणि ऐकून झालं की डबा दाबायचा. मी पहिल्या भागाचं पहिलं मिनिट तेवढं ऐकलं. खोकले, मग म्हणाले, "आता नीट आईक." पुढचं निवांत ऐकू म्हणून मी बंद केलं.

अण्णा गेले. त्यावर मला काही लिहिता येत नाही, आणि इथे लिहायचंही नाही.

तेराव्याला मी टॅब्लेट हातात घेतला होता. सगळे भाग माझ्या फोनमध्ये घ्यायचे, असं मनात होतं. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आई कोपऱ्यात बसलेली, आणि तिच्याकडून तो काढून घ्यावा असं वाटेना. म्हटलं, पुढच्या खेपेला. दुसऱ्या दिवसापासून आईने ऐकायला सुरुवात केली. दर रविवारी फोनवर सांगायची, "आज सातवा झाला," "आज चौदावा झाला." मला बरं वाटायचं. तिची दुपार राहिली, अण्णा राहिले, असं मी ऑफिसात अभिमानाने सांगितलं. 'झाला' म्हणजे काय झाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पुढची खेप चार महिन्यांनी पडली. जेवणं झाली, आईने अंगणात चटई टाकली, आणि मी टॅब्लेट उघडला. आत काहीच नव्हतं. मला वाटलं, मीच चुकीच्या जागी बघतेय. सगळीकडे शोधलं. पुसलेल्या वस्तू महिनाभर जिथे राहतात तिथेही पाहिलं. महिना केव्हाच उलटून गेला होता.

"आई, अण्णांचा आवाज कुठाय?"

"ऐकून झाला की सगळा," आई म्हणाली. "एक बी दिस चुकला न्हाई. ऐकला की लगीच परत दिला."

मी ओरडले. अण्णा गेल्यावर पहिल्यांदा मी त्या घरात आवाज चढवला, आणि तोही तिच्यावर. पुसलंस कशाला, कुणी सांगितलं होतं पुसायला, एवढी कशी गं तू, असं सगळं म्हणाले. आईला काही कळेना. ती पदराला हात पुसत म्हणाली, "पुसलं न्हाई गं. परत दिलं. त्येंनी सांगितलं हुतं, मागचा ताटकाळतोय म्हनून."

तिच्या तोंडावर जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. चुकल्याची भीती नव्हती ती. एक काम त्यांनी सोपवलं होतं, ते नीट केलं, आणि पोरगी का ओरडतेय ते समजत नव्हतं. दोषी शोधायचा तर तो चहाच्या टेबलावर नक्कल करत बसला होता. दोन वर्षं माझ्या हातात होती. बाई, हे उसनं नाही, हे तुझंच आहे, एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

नंतर सांगलीतल्या दोन दुकानांत टॅब्लेट नेऊन दाखवला. दुसऱ्याने पैसेही घेतले नाहीत, नुसती मान हलवली. मी बसस्टँडवर बसून रडले. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आले तर आई दारातच होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आगं, एवढं काय त्यात? परत मागीव की. आपला नंबर लाव."

मला तेव्हाही खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे, तेवीस दुपारी तिने आपल्या हाताने काय केलं ते तिला सांगायचं. मी म्हटलं, "लावलाय."

आता दर रविवारी फोनवर ती आधी तेच विचारते. आला का नंबर? मी सांगते, न्हाई अजून, पुढं लय जण हायत. त्याचं तिला वाईट वाटत नाही. उलट, इतकी माणसं अण्णांचं वाचन ऐकतात म्हणून तिचा ऊर भरून येतो. गेल्या रविवारी मात्र ती जरा काळजीत होती.

"ज्येच्याकडं सध्या हाय, त्येला निरोप धाडता येतो का?"

"कसला निरोप?"

"अकराव्या भागात मधीच त्ये म्हनत्यात, 'अगं, कुकर बंद कर, तीन शिट्ट्या झाल्या.' ते गोष्टीतलं न्हाई. ते मला म्हनलेत. त्येला सांग, उगं उठू नगंस."

अकरावा भाग मी ऐकलेला नाही. मी म्हटलं, "सांगते."