रेवताबाईची फुली

रेवताबाई माझ्या दुकानात नाही, दुकानासमोरच्या नालीत यायची. चामोर्शीच्या बाजारात मी शटर वर करायच्या आत ती नालीतला गाळ लाकडी परातीत घेऊन बसलेली असे. परात गोल गोल फिरवायची, चिखल वाहून जायचा आणि तळाशी माझ्याच दुकानातून गेलेले सोन्याचे कण चमकायचे. मी दिसलो की म्हणायची, "सोनारभाऊ, जरा जोरानं झाडत जा गा! माह्या पोटावर काऊन पाय देतं?"

ती सोनझरी समाजाची. तिच्या कितीतरी पिढ्यांनी वैनगंगेची वाळू धुऊन सोनं काढलं. त्यांनी उपसलेल्या गोट्यांचे ढीग काठावर अजून आहेत. नव्या माणसाला वाटतं, कुणी घर बांधायला आणून टाकलेत. आता नदीत कण सापडला तर नशीब. नालीतलं सोनं ती मलाच विकायची, नदीतलं मात्र कधीच नाही. घरच्या बाईनं नदीतून धुऊन काढलेल्या सोन्याचीच फुली नवरीच्या नाकात हवी, ही त्यांच्या घरची रीत. नात रोशनीचं लग्न ठरलं आणि म्हातारीनं नाली सोडून नदी धरली.

लग्न तोंडावर आलं तेव्हा ती पळसाच्या पानात पुडी बांधून आली. मी पुडी उलगडली आणि श्वास रोखला, न जाणो उडून जायचं. म्हटलं, "बाई, एवढ्यात फुली होत नाही. चिमूटभर माझं टाकतो. कुणाला समजणार आहे?"

"वैनगंगेले समजते ना!"

झालं! फुली होईपर्यंत ती समोरून हलली नाही. कानस चालवताना उडालेला कीस ओल्या बोटानं टिपत होती. माझी मांडी झटकायला लावली. मग माझ्या चष्म्यापर्यंत वाकून म्हणाली, "मिशी झटक."

"अहो बाई!"

"झटक म्हणते ना! माह्या नातीचं सोनं तुह्या मिशीत काऊन राहीन?"

कागद धरून मिशी विंचरली. आणि काय सांगू, खरंच एक कण पडला! बाई अशी हसली की शेजारचा कापडवाला धावत आला.

फुली झाली मोहरीएवढी. मांडवात नवरदेवाच्या मावशीनं नाक मुरडलं, "फुली दिसूनच नाई राह्यली."

रेवताबाई नवरदेवाकडे बघून म्हणाली, "ज्याले पाहाची हाये, त्यानं जवळ जावं!" सगळा मांडव हसला, नवरदेवाला कुठे बघू असं झालं.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेली. सकाळी शटर वर करताना रस्ता रिकामा दिसतो, करमत नाही.

परवा बाजाराच्या दिवशी रोशनी नवऱ्यासोबत आली. फुलीची दांडी वाकली होती. नवरा म्हणाला, "मोठी घेऊन देतो म्हणतो, ऐकूनच नाई राह्यली." मी दांडी सरळ केली, कानस दोनदा फिरवली. रोशनीनं बोट ओलं करून पाटावरचा कीस टिपला, माझ्या मांडीवरचा टिपला. मग वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काका, मिशी झटका."

मी निमूट कागद अंथरला. डोळे भरून आले होते, म्हणून मान बराच वेळ खालीच ठेवली.