नंदुरबारची मिरची

सुरतेहून रेल्वेनं येताना समोर बसलेला म्हातारा मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची सारखी घडी घालत होता. पिशवीला मिरचीचा झणझणीत वास होता. चर्चतर्फे तो हजिऱ्याच्या बंदरात जहाजांवर चढून खलाशांची विचारपूस करायचा.

"धर्म शिकवता त्यांना?" मी जरा खवचटपणेच विचारलं.

"पहिले माय संगे फोन लाई देस. पोऱ्या रडस. मंग माले सांगाले काय ऱ्हास?"



"आता घरी निघालात?"

"नही. एक पोऱ्याले बोटवरलं जेवन जात नही. मन्हा डबामधली आपली मिरची त्याले आवडनी."

"इकडचाच का तो?"

"इंडोनेशियाना शे."

नंदुरबारला उतरून तो तडक मिरचीबाजाराकडे निघाला. बोट पहाटे सुटणार होती, आणि त्याला संध्याकाळच्याच गाडीनं परत जायचं होतं.