टेलिफोनताईंचा निरोप

वाईट बातमी सांगताना टेलिफोनताई आवाज खाली आणत नसत. दारात उभ्या राहून एका वाक्यात सांगून टाकत, "मालतीबाई, तुमचे सासरे गेले, आज सकाळी." मग चप्पल काढून आत येत आणि त्या बाईजवळ बसून राहत. तिची पिशवी भरून देत, मुलांना जेवू घालत. द्वारका चौकाजवळच्या आमच्या इमारतीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फोन त्यांच्या एकटीकडे होता. सातपूरच्या एका कारखान्यात त्या ऑपरेटर होत्या. नाव सुमन, पण ते बहुधा फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

मी त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. एकदा म्हटलं, "ताई, जरा सांभाळून सांगावं हो."

"कुणाला सांभाळून? सांगणाऱ्यालाच ना?" त्या म्हणाल्या. "बातमी शिळी झाली की सडते, बाई."

यामागचं दुखणं मला पुढे कळलं. त्यांचे वडील सटाण्याकडच्या गावी वारले, तेव्हा धाकट्या भावानं, नानानं, सगळं आटोपल्यावर कळवलं होतं. दिवसभर साऱ्या कारखान्याचे फोन जोडून देणाऱ्या बाईला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून नानाशी बोलणं बंद झालं. राखीसुद्धा जाईना. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे रक्ताचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतंच.

घरोघरी फोन आल्यानंतरची गोष्ट. ताईंच्या मानेत सुपारीएवढी गाठ आली. संध्याकाळी ताप चढायचा, घामानं अंथरूण भिजायचं. डॉक्टरांनी गाठीचा टीबी धरला. सुईच्या तपासणीतून नीटसं काही कळलं नव्हतं, आणि आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की आधी टीबीच आठवतो. ताईंनी कित्येक महिने गोळ्या नेमानं घेतल्या. अंगाला खाज सुटली, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले, आणि गाठ लिंबाएवढी झाली. शेवटी त्यांनीच विचारलं, "गोळी मी एकही चुकवत नाही, मग ही वाढते का?" मग डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून मुंबईला तपासायला पाठवली.

रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "घरचं कुणी आलंय का?"

"ही माझी शेजारीण. आजार माझा आहे, मला सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "हा लिम्फोमा आहे. शरीरातल्या ग्रंथींचा कॅन्सर. त्यातही टी-सेल जातीचा. तो क्वचित दिसतो आणि झपाट्यानं वाढतो."

"बरा होतो?"

"केमोनं गाठी विरघळतात. पण पुष्कळदा परत येतात. म्हणून आजार शांत असतानाच सख्ख्या भावाबहिणीचा बोनमॅरो, म्हणजे हाडांतला मगज, जुळला, तर मुंबईला प्रत्यारोपण करता येतं. खात्री मात्र त्याचीही नाही."

जिना उतरताना ताई मध्येच थांबल्या. मी हात धरला. एरवी त्यांनी तो झटकला असता.

केमो सुरू झाली. सलाइनमधून जाणाऱ्या लाल औषधाच्या वासाची आठवण आली तरी त्यांना उलटी व्हायची. केस गेले, तेव्हा म्हणाल्या, "ऑपरेटरला कोण बघतंय? आवाज शाबूत आहे." दुसऱ्या डोसनंतर गाठी नाहीशा झाल्या. पण रोज सकाळी त्या आरशासमोर मान चाचपत आणि मग मला हाक मारत, "तू बघ गं. तुला काही लागतंय का?" माझी बोटं त्यांच्या मानेवरून फिरत असताना त्या श्वास धरून ठेवत.

एका रविवारी त्यांनी गावचा नंबर फिरवला. मी शेजारीच होते. "नाना, मी बोलते. मला कॅन्सर झालाय. तुझं रक्त माझ्याशी जुळतं का बघायचंय. यायचं नसेल तर आत्ताच सांग." एवढं बोलून फोन कानाला लावून बसल्या. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ताईंनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी नाना पिशवीभर डाळिंबं घेऊन दारात उभा. ताईंच्या डोक्याकडे त्याला बघवेना. रक्त काढणाऱ्या मुलीला म्हणाला, "जितलं लागी तितलं लई ल्या." लागेल तेवढं घ्या, असं त्याच्या गावच्या बोलीत. परत आल्यावर आपण होऊन बोलला. वडील गेले त्या दिवशी तो भेदरला होता. आक्का गाडीत एकटी रडत येईल, या विचारानं फोनच करवला नाही. ताई म्हणाल्या, "रडले असते. पण पोचले असते ना रे." नाना मान खाली घालून डाळिंब सोलत राहिला. त्यातले दाणे ताईंनी उचलून खाल्ले.

बोनमॅरो पूर्ण जुळला. मुंबईची तारीख मिळाली. पण जाण्याआधीच काखेत गाठ लागली, ताप परतला. दुसरी औषधं दिली, त्यांनी नुसतं अंग खचलं. डॉक्टर नानाला म्हणाले, "जरा बाहेर येता?"

"बाहेर नको. इथंच बोला," ताई म्हणाल्या.

डॉक्टर बसले. "आजार आटोक्यात नसताना प्रत्यारोपण टिकणार नाही. आता त्रास कमी करण्यापुरतीच औषधं देऊ."

"किती दिवस?"

"महिने म्हणता येणार नाहीत, ताई."

नाना हुंदका देऊन उठला. ताई बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना, मला घरी ने."

ताई असताना गावी मी एकदाच जाऊन आले. ओसरीवर त्यांची खाट होती. तोंड आलेलं, म्हणून नाना डाळिंबाचा रस फडक्यातून गाळून चमच्यानं पाजत होता. ताईंनी मला जवळ बसवून घेतलं. "मला भीती वाटते गं," एवढंच म्हणाल्या आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनीच ते सोडलं.

आठवड्याच्या आतच त्या गेल्या. दहाव्याला गेले, तेव्हा नाना येणाऱ्या प्रत्येकासमोर बाही वर करून कोपराच्या आतली जागा दाखवत होता, जिथून रक्त काढलं होतं तिथं. खूण कधीच बुजली होती.

"आमनं रगत जुळेल व्हतं," तो सांगत होता. "सगळं जुळेल व्हतं."