भिंतीवरचे दोन पट्टे

रिहे गावच्या सगुणाबाईनं उभ्या संसारात एकही गोष्ट आपल्या मनानं ठरवली नव्हती. बैल कोणता घ्यायचा इथपासून तिच्या लुगड्याच्या काठापर्यंत सगळं भिवाजी ठरवायचा. नवरा हेकट, पण नजर पक्की. दिवाळीला भिंतींचा रंगही तोच कालवायचा. चुन्यात पिवडीची पिवळी माती किती नि तांबडी काव किती, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

साठ सालच्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना भिवाजी खाचरातच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एक ‘व्हय’ तेवढा तोंडात उरला. पौडचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

दिवाळी तोंडावर आली. माजघराची भिंत धुरानं काळवंडलेली आणि भिवाजीला दिवसभर तीच बघत पडायचं. सगुणाबाईनं दोन मडक्यांत चुना कालवला. एकात नुसती पिवडी घातली, दुसऱ्यात पिवडी नि चिमूटभर काव. खाटेसमोर दोन पट्टे ओढून वाळू दिले. एक दुधावरच्या सायीसारखा, दुसरा हातसडीच्या तांदळासारखा. शेजारची धोंडाबाई डोकावली नि दोन्ही सारखेच दिसतात म्हणाली. पण भिवाजीला ते सारखे दिसायचे नाहीत, हे सगुणाबाईला ठाऊक होतं.

ती खाटेशी बसली.

“ह्यो देऊ?”

“व्हय.”

“का त्यो बरा दिसतुया?”

“व्हय.”

तिनं त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. काही कळेना.

“दोन्ही आवडलं न्हाईत का?”

“व्हय.”

मग तिनं विचारणं सोडलं. सायीचा रंग दिला. भिवाजी भिंतीकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावरून दुसरा रंग फिरवला. चुन्यानं बोटं सोलून निघाली. भिवाजी पुन्हा तसाच रडला.

“चुकलं का माझं?” तिनं विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला आणि चालत्या हातानं त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. ते सोडवून घ्यावं का बसून राहावं, तेही तिला ठरवता येईना. चुलीवर पेज उतू गेली तशी ती उठली.

ओसरीची भिंत अजून व्हायची होती. सगुणाबाई कुंचा घेऊन तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. त्या वर्षी ओसरी तशीच राहिली.